विश्लेषण : निर्वासितांचे पुढे काय झाले? सरकारी पाहण्या काय सांगतात, काय निसटते?

अमेरिकेने २०२६ या आर्थिक वर्षात केवळ ७,५०० निर्वासितांना प्रवेश देण्याचे ठरवले आहे. आदल्या वर्षासाठी ही कमाल मर्यादा एक लाख २५ हजार होती. निर्वासित हे सरकारी तिजोरीवरील ओझे आहे, असे या निर्णयाच्या समर्थकांचे म्हणणे. काही वर्षांत ते स्वतःच्या पायावर उभे राहतात आणि करही भरतात, असे विरोधकांचे. खरे काय, हे तपासण्यासाठी काही देशांची सरकारे निर्वासितांची नियमित पाहणी करतात. ती कशी होते आणि तिच्या आकड्यांवर किती विसंबावे, याविषयी...

पाहणीची गरज का पडली?

युद्ध किंवा छळामुळे देश सोडून शेजारी देशात आसरा घेतलेल्यांना तिसऱ्या देशाने कायमचे सामावून घेणे, म्हणजे पुनर्वसन. भूतानमधून बाहेर पडावे लागलेले नेपाळीभाषक हे आपल्या शेजारचे उदाहरण. ते १९९० च्या दशकापासून नेपाळमधील छावण्यांत राहत होते. २००७ नंतर त्यांच्यातील एक लाखाहून अधिक लोक परदेशांत गेले. त्यांपैकी बहुतेकांना अमेरिकेने घेतले.

किती जण विमानतळावर उतरले, याची नोंद असतेच. पुढे त्यांना काम मिळाले का, भाषा आली का, हे मात्र विचारल्याशिवाय कळत नाही. अमेरिकेच्या १९८० च्या निर्वासित कायद्याने पुनर्वसनाबाबतचा वार्षिक अहवाल काँग्रेसला देणे बंधनकारक केले. त्यासाठी आरोग्य व मानवी सेवा खात्याचे निर्वासित पुनर्वसन कार्यालय ‘वार्षिक निर्वासित पाहणी’ करते.

अमेरिकेतील पाहणी कशी होते?

गेल्या पाच वर्षांत आलेल्या निर्वासितांमधून नमुना निवडला जातो. साधारण दीड हजार कुटुंबांशी दूरध्वनीवरून, शक्यतो त्यांच्याच भाषेत बोलले जाते. रोजगार, वेतन, इंग्रजीचे ज्ञान, शिक्षण, आरोग्य विमा आणि सरकारी मदत यांविषयी प्रश्न असतात.

खरी अडचण प्रश्नांत नाही, माणसे सापडण्यात आहे. सुरुवातीला मिळालेले घर काही महिन्यांत सुटते, सिम कार्ड बदलते, कामासाठी कुटुंब दुसऱ्या राज्यात जाते. त्यामुळे निवडलेल्या नमुन्यातील मोठ्या हिश्शाशी संपर्कच होत नाही. हाती येतात ती फोन उचलणाऱ्यांची उत्तरे.

त्याच माणसांना पुन्हा पुन्हा विचारले तर?

प्रगती मोजण्याची ही पद्धत अधिक चांगली, पण अधिक अवघड. ब्रिटनच्या गृहखात्याने २००५ ते २००९ दरम्यान आश्रय मंजूर झालेल्यांची अशी पाहणी टपालाने प्रश्नावली पाठवून केली. सुरुवातीला ५,६७८ जणांनी उत्तरे दिली. २१ महिन्यांनंतरच्या अखेरच्या फेरीत उरले ९३९, म्हणजे सहापैकी जेमतेम एक.

ऑस्ट्रेलियाची ‘बिल्डिंग अ न्यू लाइफ इन ऑस्ट्रेलिया’ ही पाहणी २०१३ मध्ये २,३९९ जणांपासून सुरू झाली. पाचव्या वर्षी त्यांपैकी १,८८१, म्हणजे सुमारे ७८ टक्के टिकून होते. फरक पडला तो पद्धतीमुळे. तेथे एका वर्षी घरी जाऊन आणि पुढच्या वर्षी फोनवर, तेही सहभागींच्या भाषांत मुलाखती घेतल्या गेल्या. असे काम खर्चीक असते आणि त्याची तरतूद सरकारलाच करावी लागते.

गळालेल्यांमुळे आकडा का बदलतो?

यंत्रावरील बंद पडलेल्या सेन्सरची नोंद सरासरीत येत नाही. पाहणीतही तसेच घडते. ज्याचे घर पक्के, भाषा बरी आणि नोकरी स्थिर, तो सापडण्याची शक्यता जास्त. जो भाड्याच्या खोल्या बदलत फिरतो, तो यादीतून आधी गळतो. परिणामी उरलेल्यांची सरासरी प्रत्यक्षापेक्षा चांगली दिसू शकते. उलटही होऊ शकते. दोन पाळ्यांत काम करणाऱ्याला फोनवर बोलायला वेळ नसतो.

त्यावर संख्याशास्त्रज्ञांचा उपाय म्हणजे भारांकन. एखाद्या देशातून आलेल्या तरुण स्त्रिया नमुन्यात कमी पडल्या, तर मिळालेल्या उत्तरांना जास्त वजन दिले जाते. त्यामुळे वय, लिंग, मूळ देश यांतील असमतोल दुरुस्त होतो. मात्र ज्या कारणाची नोंदच नाही, त्याची दुरुस्ती होत नाही.

प्रश्न केव्हा विचारला, याला महत्त्व का?

जर्मनीत श्रम बाजार संशोधन संस्था, स्थलांतर कार्यालय आणि आर्थिक संशोधन संस्था २०१६ पासून संयुक्त पाहणी करतात. २०२० मधील तिच्या निष्कर्षांनुसार, २०१३ पासून आलेल्या निर्वासितांपैकी सुमारे निम्म्यांना पाच वर्षांनी रोजगार मिळाला होता. पुरुषांत हे प्रमाण ५७ टक्के, तर स्त्रियांत २९ टक्के होते. पहिल्याच वर्षी मोजले असते, तर निर्वासित काम करत नाहीत असा निष्कर्ष निघाला असता. आणि केवळ सरासरी पाहिली, तर स्त्रिया मागे राहिल्याचे दिसले नसते.

हा मुद्दा केवळ अभ्यासकांपुरता नाही. अमेरिकेने मे २०२५ पासून नव्या निर्वासितांना मिळणाऱ्या विशेष रोख मदतीची मुदत १२ महिन्यांवरून चार महिन्यांवर आणली. भाषा शिकून नोकरी धरायला वर्षे लागतात, असे पाहण्या सांगत असताना मदत महिन्यांत संपते.

कॅनडाने वेगळी वाट धरली. तेथे १९८० पासून आलेल्या स्थलांतरितांच्या प्रवेशनोंदी प्राप्तिकर विवरणपत्रांशी जोडल्या जातात. त्यामुळे दशकानुदशके उत्पन्नाचा माग काढता येतो आणि फोन न उचलण्याचा प्रश्न उरत नाही. पण करविवरणात पगार दिसतो, मनःस्थिती दिसत नाही.

नोकरी मिळाली म्हणजे रुळले का?

अमेरिकेत आलेल्या भूतानी निर्वासितांमध्ये फेब्रुवारी २०१२ पर्यंत १६ आत्महत्यांची नोंद झाली. त्यानंतर तेथील रोग नियंत्रण केंद्राने स्वतंत्र अभ्यास हाती घेतला. या समुदायातील आत्महत्यांचे प्रमाण लाखामागे २०.३ निघाले. तेव्हा अमेरिकेतील सर्वसाधारण प्रमाण १२.४ होते. नोकरी आणि वेतन विचारणाऱ्या प्रश्नावलीत हे संकट दिसले नसते. ऑस्ट्रेलियातही वर्षागणिक रोजगार वाढला, मानसिक ताण मात्र त्या प्रमाणात ओसरला नाही.

आकडे राजकारणातून सुटतात का?

नाही. २००५ ते २०१४ या काळात निर्वासितांवरील खर्चापेक्षा त्यांच्याकडून आलेला महसूल ६३ अब्ज डॉलरने अधिक होता, असा अमेरिकी आरोग्य खात्याच्याच अहवालाचा मसुदा होता. ट्रम्प प्रशासनाने तो नाकारल्याचे वृत्त सप्टेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०२४ मध्ये, बायडेन यांच्या काळात, त्याच खात्याने २००५ ते २०१९ या काळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ही रक्कम १२३.८ अब्ज डॉलर होती.

भारतात काय स्थिती?

भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर स्वाक्षरी केलेली नाही आणि देशात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. तरीही अशा मोजणीचा अनुभव आपल्याला आहे. फाळणीनंतर १९५१ च्या जनगणनेत विस्थापितांची वेगळी नोंद झाली. उल्हासनगरसारखी वसाहत उभी राहत असताना, १९५३ मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीने तत्कालीन मुंबई राज्याच्या शहरी भागांतील विस्थापितांची नमुना पाहणी केली. गोंदिया जिल्ह्यातील नॉर्ग्येलिंगसह देशभरात तिबेटी वसाहती आहेत. मात्र २००९ मध्ये तिबेटींची गणना केली ती धर्मशाळेतील त्यांच्याच प्रशासनाने. तेव्हा भारतात ९४,२०३ तिबेटी नोंदवले गेले.

यापुढे काय?

अमेरिकेची पाहणी गेल्या पाच वर्षांत आलेल्यांपुरतीच असते. प्रवेशच आटले, तर काही वर्षांत विचारायला माणसेही मोजकीच उरतील. मग ‘निर्वासित ओझे ठरतात का’ हा वाद जुन्या आकड्यांवर किंवा आकड्यांविनाच लढला जाईल. तोवर यातला कोणताही आकडा समोर आला, तर तीन गोष्टी पाहाव्यात : येऊन किती काळ झालेल्यांना विचारले, स्त्री-पुरुषांचे आकडे वेगळे दिले आहेत का, आणि किती जणांनी उत्तरच दिले नाही. तिसरी गोष्ट बातमीत क्वचितच येते. बहुतेकदा तीच सर्वांत महत्त्वाची असते.