विश्लेषण : अहवाल ‘निगेटिव्ह’, तरी मेंदूच्या क्षयाचे उपचार का?

एचआयव्हीबाधितांमधील मेंदूच्या आवरणाचा क्षय ओळखणारी जनुकीय चाचणी सुमारे दोन तासांत निकाल देते. पण बीड तालुक्यातील कपिलधारसारख्या गावातून रुग्ण त्या यंत्रापर्यंत किती दिवसांत पोहोचतो, आणि ‘निगेटिव्ह’ अहवालाचा अर्थ डॉक्टर काय लावतात, यावर त्याचा जीव अवलंबून असतो.

निदान अवघड का?

फुप्फुसाच्या क्षयात बेडक्यात जंतू बहुधा सापडतात. मेंदूभोवतीच्या पाण्यात ते मोजकेच असतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते सहसा दिसत नाहीत, कल्चरला काही आठवडे लागतात. उपचारांविना रुग्ण क्वचितच वाचतो. प्रतिकारशक्ती खालावलेल्या एचआयव्हीबाधितात या पाण्यातील पेशी वाढलेल्या नसूही शकतात. क्रिप्टोकॉकस बुरशीचा मेंदूज्वरही असाच दिसतो. त्यामुळे त्याची तपासणी सोबतच हवी.

नव्या चाचणीने काय साधले?

‘सीबीनॅट’ला जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये मान्यता दिली, तिच्या ‘अल्ट्रा’ आवृत्तीची शिफारस २०१७ मध्ये केली. आधीच्या चाचणीला मिलिलिटरमागे शंभरावर जंतू लागत, ‘अल्ट्रा’ला सुमारे १६ पुरतात. युगांडातील एचआयव्हीबाधितांवरील अभ्यासात (२०१८) ‘अल्ट्रा’ने ९५ टक्के रुग्ण ओळखले, जुन्या चाचणीने ४५. मात्र यात रुग्ण ठरवताना ‘अल्ट्रा’चाही निकाल धरला होता, केवळ लक्षणे व इतर तपासण्यांच्या निकषावर हे प्रमाण ७० टक्क्यांवर आले. व्हिएतनाममधील अभ्यासात (२०२०) तर ते ४७ टक्केच होते. म्हणजे ‘पॉझिटिव्ह’वर विसंबता येते, ‘निगेटिव्ह’वर नाही. संशय दाट असेल तर क्षयाची औषधे थांबवायची नसतात.

नमुना किती हवा?

मणक्यातून काढलेले पाणी किमान सहा मिलिलिटर असावे, ते यंत्रात फिरवून तळाचा साका तपासावा. चार थेंबांवर केलेली तपासणी महागडे यंत्रही वाचवू शकत नाही.

बीडमध्ये अडते कुठे?

मन्मथस्वामींच्या समाधीमुळे कपिलधार ओळखले जाते. कार्तिकी यात्रेच्या सुमारासच जिल्ह्यातील ऊसतोड टोळ्या बाहेर पडतात. जिल्हा रुग्णालय बीडला, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अंबाजोगाईला. आणि मजूर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात, उसाच्या फडात. आठवडाभराची डोकेदुखी, बारीक ताप, उलट्या ‘ऊन लागले’ म्हणून गोळीवर निभावल्या जातात. एचआयव्ही असल्याचे मुकादमाला कळेल या धास्तीने अनोळखी डॉक्टरलाही सांगितले जात नाही, आणि मग पाठीतले पाणी तपासण्याचा विचारच मागे पडतो.

एआरटी सुरू नसेल तर ती क्षयाच्या औषधांनंतर साधारण चार ते आठ आठवड्यांनी सुरू करतात; आधीच सुरू असेल तर ती रुग्णाने स्वतःहून बंद करू नये.