माजी सैनिकानं गप्प का बसावं?

'फौजी माणसानं राजकारणात तोंड घालू नये' हे वाक्य आपल्याकडे इतक्या आदरानं उच्चारलं जातं की ते तपासून पाहावं असं कुणाला वाटतच नाही. 2025 च्या मे महिन्यात पाकिस्तानविरुद्ध ऑपरेशन सिंदूर झालं. ऑगस्ट संपता संपता अमेरिकेनं भारतीय मालावरचं आयातशुल्क 50 टक्क्यांवर नेलं. सातारा-कोल्हापूरकडच्या गावांत जिथं जिथं चार माजी सैनिक संध्याकाळी एकत्र बसतात, तिथं या दोन्ही गोष्टींची एकत्र चर्चा सुरू झाली. त्यावर गावातल्या शहाण्यासुरत्यांचं म्हणणं असं की या लोकांनी पेन्शन घ्यावी, कँटीनची बाटली आणावी, नातवंडं खेळवावीत. टॅरिफ, ट्रंप आणि दिल्लीचं परराष्ट्र धोरण यांच्या फंदात पडू नये. सेना तटस्थ असते, तेव्हा सैनिकानंही मरेपर्यंत तटस्थच राहावं.

हे मत मला साफ नामंजूर आहे.

पण आधी त्यातला खरा भाग मान्य केला पाहिजे. सेनेची राजकीय तटस्थता ही आपल्या प्रजासत्ताकाची फार मोठी कमाई आहे. एकाच फौजेची वाटणी होऊन दोन सैन्यं झाली. त्यातल्या पाकिस्तानच्या सेनापतीनं, अयूब खान यांनी, 1958 मध्ये सत्ता हातात घेतली आणि तो देश त्या सवयीतून आजवर सुटलेला नाही. आपल्याकडे 1959 मध्ये सेनाप्रमुख जनरल थिमय्या यांनी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी बिनसल्यावर राजीनामा दिला आणि नेहरूंच्या सांगण्यावरून तो मागे घेतला. मुलकी सत्ताच श्रेष्ठ आहे आणि राहिली पाहिजे, हे नेहरूंनी संसदेत स्पष्ट सांगितलं. मेसमध्ये राजकारण आणि धर्म हे विषय काढायचे नाहीत, हा जुना संकेतही याच शिस्तीतला. या शिस्तीला धक्का लागावा असं कुठलाही जबाबदार माजी सैनिक म्हणणार नाही, मीही म्हणत नाही.

पण ही शिस्त कुणाला लागू आहे? राज्यघटनेच्या 33 व्या अनुच्छेदानं संसदेला सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार दिला. त्या आधारावर 1950 च्या आर्मी ॲक्टचं 21 वं कलम आलं आणि 1954 च्या आर्मी रूल्समध्ये राजकीय सभा, पक्षाचं काम आणि वर्तमानपत्रांतलं लेखन यांवर बंधनं आली. ही बंधनं सेवेतल्या माणसावर आहेत, आणि त्या माणसालाही मताचा हक्क आहे, सीमेवरून पोस्टल मतपत्रिकेनं तो बजावता येतो. नोकरी संपली की ही बंधनंही संपतात. अमेरिकेत नियमित सेवेतून निवृत्त होऊन पेन्शन घेणारा अधिकारी लष्करी कायद्याच्या कक्षेत राहतो. म्हणून तर नोव्हेंबर 2025 मध्ये सिनेटर मार्क केली या निवृत्त नौदल कॅप्टनची चौकशी करण्याची भाषा पेंटागॉनला करता आली. 'बेकायदा हुकूम नाकारता येतो' असं सैनिकांना सांगणाऱ्या एका चित्रफितीत ते सहभागी होते, एवढंच कारण होतं. आपल्या घटनाकारांनी आणि संसदेनं ही दोरी सैनिकाच्या गळ्यात आयुष्यभरासाठी ठेवली नाही. कायद्यानं जी दोरी सोडली, ती गावातल्या शहाण्यांनी पुन्हा बांधायचं कारण नाही.

दुसरा आक्षेप असा, की सैनिकाला व्यापार काय कळतो? मला तर वाटतं, व्यापारातली धमकी या देशात त्याच्याइतकी जवळून फार थोड्यांनी पाहिली आहे. 1965 च्या युद्धात अमेरिका आणि ब्रिटननं शस्त्रपुरवठा बंद केला, तेव्हा ती बातमी आधी त्याच्या तुकडीत पोचली. त्याच सुमाराला जॉन्सन प्रशासन पीएल-480 या अन्नमदत योजनेचा गहू हात आखडून, थोडा थोडा सोडत होतं, आणि त्या रेशनच्या रांगेत त्याच्या घरचे उभे होते. 1998 मध्ये पोखरणच्या चाचण्या झाल्या, निर्बंध आले आणि तेजस या लढाऊ विमानाच्या उड्डाण-नियंत्रणाचं काम अमेरिकेत करत असलेल्या आपल्या अभियंत्यांना परत यावं लागलं. फेब्रुवारी 2021 मध्ये वायुदलानं 83 तेजस मार्क-1ए विमानांची मागणी नोंदवली. त्यांना लागणारी एफ-404 इंजिनं अमेरिकन कंपनीकडून यायची होती आणि त्यातलं पहिलं मार्च 2025 मध्ये हाती आलं. विमानाचा सांगाडा तयार आणि इंजिन समुद्रापलीकडे, ही अडचण स्क्वाड्रनमध्ये नोकरी केलेल्या सार्जंटला अर्थशास्त्राच्या प्राध्यापकापेक्षा कमी कळते असं कोण म्हणेल? आणि आयातशुल्क वाढलं की सोलापूरच्या टॉवेलच्या कारखान्यात कामाची पाळी कमी होते, ती त्याच्याच घरातल्या कुणाची तरी असते.

मराठी माणसानं तर हा आक्षेप घेऊच नये. रामचंद्रपंत अमात्यांनी मोहिमा पाहिल्या, किल्ले राखले, औरंगजेबाशी झुंज चालू असताना राज्य तोलून धरलं. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या आज्ञापत्रात त्यांनी टोपीकरांबद्दल, म्हणजे युरोपियन व्यापाऱ्यांबद्दल, सावध केलं आहे. हे इतर सावकारांसारखे सावकार नव्हेत, यांच्यामागे यांचे राजे आहेत आणि यांना मुलूख हवा आहे, हा त्या इशाऱ्याचा गाभा. व्यापारामागची तलवार ओळखली ती लढायांत वावरलेल्या माणसानं. तो इशारा पुढे किती खरा ठरला, हे इथं सांगायला नको.

आता त्या बाटलीबद्दल. 'दारू पिऊन बडबडतात' म्हणून चर्चा उडवून लावणारे पुष्कळ आहेत. दारूचं समर्थन मी करणार नाही, कँटीनच्या स्वस्त बाटलीनं फौजी घरांचं जे नुकसान केलं आहे ते मला माहीत आहे आणि त्यावर वेगळं लिहायला हवं. पण मुद्दा खरा की खोटा हे मुद्द्यावरून ठरतं, ग्लासात काय आहे त्यावरून ठरत नाही. शिवाय ती व्हिस्कीची बाटली हीच व्यापारनीतीचा धडा आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये लष्करी कँटीनना थेट आयात केलेला माल घेणं थांबवण्याचा आदेश निघाला. फेब्रुवारी 2025 मध्ये मोदींच्या वॉशिंग्टन भेटीच्या तोंडावर बर्बन व्हिस्कीवरचं शुल्क 150 वरून 100 टक्क्यांवर आलं. 24 जुलै 2025 रोजी ब्रिटनशी करार झाला, त्यात स्कॉचवरचं शुल्क 150 वरून आधी 75 आणि दहा वर्षांत 40 टक्क्यांवर आणायचं ठरलं. कोणाच्या व्हिस्कीला दार उघडायचं आणि कोणाच्या व्हिस्कीला अर्धवट, हे दिल्लीत ठरतं ते जागतिक सौद्यात आपल्याला काय हवं यावरून. हे कळायला डिग्री लागत नाही.

अशी एक बैठक मी जवळून पाहिली. गच्चीवर सतरंजी, स्टीलच्या ताटलीत शेंगदाणे आणि चिरलेला कांदा. एक निवृत्त सुभेदार, एक सिग्नल्समधला हवालदार, एक नौदलात नोकरी केलेला. आपल्याकडे शिपायापासून सगळ्यांना 'मेजर' म्हणतात, तसे तेही एकमेकांना म्हणत होते. हवालदार तापलेला होता. "मेजर, तो ट्रंप पुन्हा पुन्हा सांगतोय, व्यापार बंद करीन म्हणालो म्हणून लढाई थांबली. म्हणजे आपली पोरं तिथं उभी होती ती याच्या दुकानासाठी?" सुभेदार शांतपणे म्हणाले, "10 मेला दुपारी 3.35 ला पाकिस्तानच्या डीजीएमओचा आपल्या डीजीएमओला फोन आला, संध्याकाळी 5 वाजता गोळीबार थांबला. व्यापाराची गोष्ट निघालीच नाही, असं सरकारनं जाहीर सांगितलंय. माझा त्यावर विश्वास आहे. पण तुझा नसेल तर खासदाराला पत्र लिही, संसदेत विचारायला लाव." मग तिघांत अर्धा तास वाद झाला. रशियाचं तेल घ्यावं की नाही, एस-400 रशियाकडून घेतली तेव्हाही अमेरिकेनं निर्बंधांची भीती घातली होती, तरी घेतली आणि ती उपयोगी पडली, मग तेलाला का घाबरायचं, इथपर्यंत. एकदा नौदलवाल्याच्या तोंडून एका पक्षाचं नाव निघालं. सुभेदारांनी हात वर केला, "पक्ष खाली ठेव. धोरणावर बोल." तो थांबला आणि धोरणावर बोलू लागला.

सेनेच्या तटस्थतेला या गच्चीवर काय धोका होता? मला तरी दिसला नाही. उलट कित्येक आमदारांच्या बैठकीत इतकी शिस्त सापडत नाही.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. माजी सैनिक, विशेषतः मोठ्या हुद्द्याचा, बोलला की लोकांना सेनाच बोलली असं वाटतं. हे खरं आहे. घटनेच्या 18 व्या अनुच्छेदानं पदव्या रद्द केल्या, पण लष्करी आणि विद्याविषयक पदव्या वगळल्या. म्हणजे हुद्द्याचं वजन निवृत्तीनंतरही उरतं. एप्रिल 2019 मध्ये दीडशेहून अधिक माजी सैनिकांच्या नावानं राष्ट्रपतींना पत्र गेलं, सेनेचा प्रचारात वापर थांबवा अशी मागणी करणारं. अलिबागला स्थायिक झालेले माजी नौदलप्रमुख ॲडमिरल रामदास त्यात होते. पण दोन माजी दलप्रमुखांनी आपण संमती दिली नव्हती असं सांगितलं, आणि मूळ मागणी बाजूला राहून सह्यांचाच वाद झाला. नाव आणि हुद्दा वापरताना किती काटेकोर राहायला हवं, हे त्यातून दिसलं.

पण याच पत्राचा मजकूर वाचा. सेनेला पक्षाच्या दावणीला बांधू नका, असं ते पत्र म्हणत होतं. त्याच निवडणुकीत योगी आदित्यनाथ 'मोदीजी की सेना' म्हणाले आणि निवडणूक आयोगाला त्यांना समज द्यावी लागली. वैमानिक अभिनंदन यांचे फोटो प्रचारफलकांवर लागले, तेव्हा आयोगानं मार्च 2019 मध्ये पक्षांना आपली 2013 ची सूचना पुन्हा बजावली की संरक्षण दलातल्या व्यक्तींची छायाचित्रं प्रचारात वापरू नका. तटस्थता मोडली ती कोणी? गच्चीवरच्या सुभेदारांनी नाही. गणवेश उसना मागणाऱ्या पक्षांनी मोडली, आणि तो उसना देणाऱ्या काही माजी अधिकाऱ्यांनी.

निवडणूक लढवणं हा गुन्हा नव्हे. जनरल करिअप्पांनी 1971 मध्ये मुंबईतून लोकसभा लढवली आणि हरले. जनरल व्ही. के. सिंह भाजपमध्ये गेले, जनरल जे. जे. सिंग अकाली दलाकडून पतियाळात उभे राहिले. मतदारानं त्यांना नागरिक म्हणून तोललं, ते योग्यच. तरी सेनाप्रमुखासारख्या पदावरून उतरलेल्यानं पक्षात जाण्याआधी काही वर्षं थांबावं असं माझं ठाम मत आहे, कारण त्याच्या हाताखालचे अधिकारी अजून सेवेत असतात आणि त्यांच्या बढत्यांकडे लोक संशयानं पाहू लागतात. टीव्हीच्या पडद्यावर पदकं लावून शेजारच्या पाहुण्यावर ओरडणारे निवृत्त अधिकारी पाहिले की मला वाईट वाटतं. ती पदकं पक्षाच्या मुद्द्याला पुरावा म्हणून मिळालेली नाहीत.

मात्र गप्प बसण्याची किंमतही या देशानं मोजली आहे. कोल्हापूर जिल्ह्यातले लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात पूर्व विभागाचे प्रमुख होते. ऑक्टोबर 1959 मध्ये त्यांनी नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या, संरक्षणाबद्दल सविस्तर टिपण तयार केलं. चीन कसा येईल, आपण कुठं उभं राहायला हवं, काय कमी आहे, सगळं त्यात होतं. मार्च 1960 मध्ये लखनौला 'लाल किला' या सरावात तेच त्यांनी मांडून दाखवलं. मेनन यांनी तो सगळा प्रकार घबराट पसरवणारा ठरवला. थोरात 1961 मध्ये निवृत्त झाले. पुढच्या वर्षी चीन आला आणि मग नेहरूंनी त्यांना बोलावून घेतलं. सेवेत असताना त्यांनी शिस्त पाळली, जे सांगायचं ते वरिष्ठांना कागदावर सांगितलं, तेच बरोबर होतं. पण त्या काळात निवृत्त सैनिकांचा अभ्यासू, जाहीर आवाज या देशात असता, तर संसदेला योग्य प्रश्न वेळेत विचारता आले असते.

म्हणून माजी सैनिकानं बोलावं. आयातशुल्कावर बोलावं, शस्त्रखरेदीवर, अग्निपथ योजनेवर, परकी अध्यक्षाच्या धमकीवर आणि आपल्या सरकारच्या उत्तरावरही. स्वतःच्या नावानं, नागरिक म्हणून, आकडे तपासून बोलावं. 2015 मध्ये 'एक हुद्दा, एक पेन्शन'साठी जंतरमंतरवर बसलेल्या वृद्ध जवानांनी कुणाचा झेंडा न घेता सरकारला निर्णय घ्यायला लावला. ऑगस्टमध्ये पोलिसांनी त्यांना हुसकावलं तरी ते हटले नाहीत, आणि 5 सप्टेंबरला घोषणा झाली.

आणि आपण, ज्यांनी कधी गणवेश घातला नाही, त्यांचंही एक काम आहे. पुढच्या निवडणुकीत कुठल्याही पक्षाच्या फलकावर गणवेशातल्या सैनिकाचं छायाचित्र दिसलं, तर त्याचा फोटो काढून निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर तक्रार करा. तो पक्ष आपल्या आवडीचा असला, तरीही करा.