पीडितेचा वकील

अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन आहेत. एकाची ओळख रेल्वेवरून, दुसऱ्याची बाजारावरून. ज्याच्या नावातच बाजार आहे त्या चांदुरास भोवतालच्या खेड्यांतील माणूस खरेदीविक्रीसाठी येतो, तसाच कोर्टकचेरीसाठीही येतो. आणि त्या गर्दीत अंगावरचे वळ पदराखाली झाकून एखादी सूनही आलेली असते. न्यायालय कोठे आहे हे तिला कोणीही दाखवील. परंतु तेथे तिच्या वतीने जो उभा राहणार, त्याला तिचे दुःख कायद्याच्या भाषेत मांडता येते की नाही, हे तिला आधी कळावे कसे? आज आम्ही लिहीत आहो ते या वकिलाविषयी.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून अमलात आहे. अर्जाची पहिली तारीख सामान्यतः तीन दिवसांच्या आत पडावी, साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, अशी त्याची भाषा आहे. त्याच्या अकराव्या कलमाने पोलीस अधिकारी आणि न्यायिक सेवेतील मंडळी यांना या विषयाचे वेळोवेळी प्रशिक्षण देण्याची जबाबदारी शासनावर टाकली. वकिलांचे मात्र नाव त्या कलमात नाही! फिर्याद नोंदविणाऱ्याने शिकावे, निकाल देणाऱ्याने शिकावे, आणि या दोहोंच्या मध्ये जो त्या बाईचा हात धरून उभा राहावयाचा त्याने मात्र आपल्या सनदेवर संतुष्ट असावे, हा प्रकार आम्हांस विचित्र वाटतो.

कोणी म्हणेल की, वकिलाला कायदा वाचता येतो, मग त्याला निराळे काय शिकवावयाचे? येथेच चूक होते. सासरचे घर सासऱ्याच्या नावावर असेल तर सुनेला त्यात राहण्याचा हक्क सांगता येत नाही, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या एका निर्णयाने रूढ झाला होता. तो निर्णय त्याच न्यायालयाने ऑक्टोबर 2020 मध्ये फिरविला. घर कोणाच्या मालकीचे, एवढ्यावरून तो हक्क आता बुडत नाही. ज्या वकिलाचे वाचन 2006 पाशी थांबले, तो आजही आपल्या पक्षकार बाईस 'घर नवऱ्याचे नाही, सोडून दे' असे सांगेल, आणि ती बिचारी सोडूनही देईल.

पोटगीचेही तसेच. आमच्या वऱ्हाडात संत्र्याची बाग सासऱ्याच्या नावे, आंबिया बहाराचा पैसा नवऱ्याच्या हाती, आणि न्यायालयात उत्पन्न शून्य, हा देखावा कोणास अपरिचित आहे? नागपूर खंडपीठातून वर गेलेल्या पोटगीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2020 मध्ये उभय पक्षांनी मालमत्तेचे व देण्याघेण्याचे प्रतिज्ञापत्र दाखल करणे आवश्यक केले. शेतकऱ्यांसाठी त्याचा वेगळा नमुनाच दिला. जमीन किती, ओलिताची की कोरडवाहू, पीक कोणते, जनावरे किती, हे सारे त्यात सांगावे लागते. परंतु ते प्रतिज्ञापत्र मागण्याचे ज्याला सुचेल त्यालाच त्याचा उपयोग.

शिवाय ऐकण्याचे शिक्षण आहे, आणि ते अधिक कठीण आहे. मार खाल्लेली स्त्री दिनांक सांगत नाही. ती 'पोळ्याच्या आधी', 'सोयाबीन काढणीला' असे सांगते. मागचे पुढे बोलते, मधेच थांबते. तिच्यावर खेकसणाऱ्या वकिलास निम्मी हकीकत मिळते, आणि उरलेली निम्मी पुढे उलटतपासणीत तिच्याविरुद्ध विसंगती म्हणून वापरली जाते. धुऱ्याच्या भांडणात 'तडजोड करून टाका' हा सल्ला शहाणपणाचा असू शकतो. येथे त्याच सल्ल्याने बाई पुन्हा त्याच घरात, त्याच हातांच्या स्वाधीन होते.

विदर्भास हे नव्याने सांगावयास नको. 1972 च्या मार्चमध्ये, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका गरीब आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. नागपूर खंडपीठाने पोलिसांस दोषी ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये त्यांस सोडले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, तेव्हा संमती होती, असा तो तर्क! त्या तर्कातील पोकळपणा 1979 मध्ये सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहून दाखविला तो उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी. 1983 ची दुरुस्ती त्यानंतरची. भीतीने गप्प बसणे म्हणजे संमती नव्हे, हे वकिलाला वर्गात बसवून शिकविता येते, असा आमचा दावा आहे.

फौजदारी खटला सरकारी अभियोक्ता चालवितो हे खरे, आणि पीडितेच्या वकिलास साक्षीदार तपासण्याचा स्वतंत्र अधिकार नाही, हे 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच स्पष्ट केले. तरीही अभियोक्त्यास साह्य करणे, लेखी युक्तिवाद देणे, जामिनाच्या वेळी पीडितेची बाजू ऐकविणे, नुकसानभरपाई मागणे, ही कामे थोडी आहेत काय? बालकांवरील अत्याचारांच्या 2012 च्या कायद्यात तर प्रश्न थेट मुलाला न विचारता न्यायाधीशांमार्फत विचारावयाचे असतात. हा नियम मोडला जात असता तत्काळ उठून उभा राहणारा कोणी तरी हवा.

वकिली अनुभवाने येते, असे ज्येष्ठ मंडळी म्हणतील. मान्य, परंतु त्या अनुभवाची किंमत पहिल्या चारपाच बायकांनी का मोजावी? अशाने खोट्या तक्रारींस शिक्षण मिळेल, हीही एक भीती बोलून दाखविली जाते. आमचे मत उलट आहे. खोटेपणा मोघम अर्जात लपतो. दिनांक, कागद आणि दवाखान्याची नोंद मागणारा वकील तो दारातच अडवितो. आरोपीच्या बचावाचा हक्कही याने तसूभर कमी होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2021 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियास सांगितले की, लैंगिक गुन्हे व स्त्रीपुरुषभेदाची जाण हे विषय सनदेच्या अखिल भारतीय परीक्षेत सक्तीने असावेत. ते योग्यच, परंतु आधीच सनद घेऊन बसलेल्यांचे काय? स्त्रिया व बालके यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मात्र तो नेमताना विधिसेवा प्राधिकरण सामान्यतः तीन वर्षांची वकिली पाहते. तिच्या जोडीला अशा प्रकरणांसाठी ठरावीक प्रशिक्षणाची अट घालावी. ते वर्ग अमरावतीच्या डॉ. पंजाबराव देशमुख विधि महाविद्यालयाच्या साह्याने भरविता येतील, पण काही दिवस ते तालुक्याच्या न्यायालयातच भरावेत. कारण चांदूरच्या वकिलाने आपली दिवसाची कमाई बुडवून दर वेळी अमरावती गाठावी, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. त्या दिवसांचे मानधन शासनाने द्यावे.

अशा खटल्यांत काम करण्यास तयार असलेल्या वकिलांची यादी पोलीस ठाण्यात ठेवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 1994 सालीच सांगितले आहे. चांदूर बाजारच्या ठाण्यातील यादीत हे प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांची नावे वेगळी दाखवावीत, आणि ती यादी, दूरध्वनी क्रमांकांसह, बाहेरच्या भिंतीवर मोठ्या मराठी अक्षरांत लावावी.