सामन्यापूर्वीची गोळी

काही दुखत असो वा नसो, मैदानात उतरण्यापूर्वी वेदनाशामक गोळी घेण्याची रीत आता शाळकरी खेळाडूंपर्यंत येऊन पोहोचली आहे. रीत थोरामोठ्यांचीच. २०१० सालच्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत सुमारे ३९ टक्के खेळाडू प्रत्येक सामन्याआधी अशी औषधे घेत होते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही उत्तेजकांच्या बंदीयादीत नाहीत. तेव्हा ती निरुपद्रवीच असणार, असा सोयीस्कर समज रूढ झाला आहे.

दुखावलेल्या भागात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये वाढतात आणि सूज व वेदना यांना चेतवितात. त्यांची निर्मिती ॲस्पिरिन रोखते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखविले. १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. परंतु हीच द्रव्ये जठराचे अस्तर सांभाळतात आणि शरीरातील पाणी आटले असता मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरतात. चोर आणि पहारेकरी एकच! गोळी दोघांनाही बांधून टाकते. आमच्या माळव्यातील एप्रिल-मेच्या उन्हात घामाने निथळणाऱ्या मुलाला तर या पहारेकऱ्याची गरज सर्वांत अधिक.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ८० किलोमीटर धावणाऱ्यांपैकी काहींना दर चार तासांनी ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन दिले, काहींना औषधविरहित गोळी. मूत्रपिंडाला इजा झाल्याची चिन्हे पहिल्या गटात ५२ टक्क्यांत आढळली, दुसऱ्या गटात ३४ टक्क्यांत. धावणारे शंभराच्या आतच होते, म्हणून हा आकडा अखेरचा शब्द मानू नये. कल मात्र दुर्लक्षिण्याजोगा नाही.

एवढ्यावरून गोळी त्याज्य ठरत नाही. घोटा मुरगळल्यास पहिले काही दिवस तिने वेदना व सूज उतरते, रात्री डोळा लागतो. डायक्लोफेनॅकचे वरून लावण्याचे मलम तर पोटाला फारसा उपद्रव न देता बरेचसे तेच काम करते, आणि मुरगळण्यावर मी तरी आधी त्याचाच विचार करीन. पण हा सारा गुण दुखापतीनंतरचा, विश्रांतीच्या जोडीचा आहे. खेळण्याआधी घेतलेल्या गोळीने अंगात बळ येत नाही. शरीराची तक्रार तेवढी ऐकू येईनाशी होते, आणि अर्धवट बऱ्या झालेल्या घोट्यावर पोर पुन्हा उडी घेते.

पालकांनी आणखी एक पाहावे. निरनिराळ्या नावांच्या दोन गोळ्यांत औषध एकच असू शकते, वेष्टन वाचावे. बारा वर्षांखालील मुलांना निमेसुलाइड देण्यास आपल्या देशात २०११ पासून मनाई आहे. दमा वा जठरव्रण असलेल्या मुलाला डॉक्टरांना विचारल्यावाचून यातली कोणतीही गोळी देऊ नये. आणि शौच काळी झाली वा लघवी कमी झाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.