हापशाचा पाना कुणाच्या हाती?

हापसा मारतं कोण? बाई. बिघडला की घागर घेऊन शेतातल्या विहिरीपर्यंत कोण जातं? बाईच. आणि दुरुस्त कोण करतं? पंचायत समितीचं पथक, ते येईल तेव्हा! सेनगाव-औंढ्याच्या खेड्यांत ऐन मे महिन्यात हे 'येईल तेव्हा' किती महाग पडतं, ते सांगायला नको.

गंमत म्हणजे या यंत्राचं माहेर आपलंच. १९६०च्या दशकात जालन्याच्या मिशनरी मंडळींनी साधा, दणकट हापसा बनवला. सोलापुरात तो सुधारला आणि त्यातूनच १९७०च्या दशकात युनिसेफच्या मदतीने 'इंडिया मार्क टू' आला. आज गावोगावी दिसतो तो हाच.

याच्या डोक्याला पुढे एक झाकण असतं, एका बोल्टवर बसवलेलं. आत साखळी. तिला अधूनमधून ग्रीस लागतं. पण बोल्टवर रोज पाणी उडतं, ऊन पडतं, तो गंजतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, त्यामुळे आटे जाम होतात. मग झाकण कुणी उघडत नाही, साखळी कोरडी पडते, झिजते आणि एक दिवस तुटते. म्हणजे मूळ दुखणं एका बोल्टचं!

तो सोडवायला पैलवान लागत नाही, लागतो धीर. आधी तारेच्या ब्रशने गंज झाडायचा. मग पातळ तेल सोडायचं. पातळच हवं, कारण ते दिव्याच्या वातीत चढतं तसं बारीक फटीतून आट्यांत शिरतं. पूर्वी रॉकेल वापरायचे, आता ते रेशनवरही दिसेनासं झालंय. हार्डवेअरच्या दुकानात गंज सोडवायचा स्प्रे मिळतो. डब्ल्यूडी-४० हा त्यातला प्रसिद्ध, १९५३ साली अमेरिकेत रॉकेटचे भाग गंजू नयेत म्हणून बनवलेला. शिलाई मशीनचं तेलही चालून जातं. खोबरेल मात्र नको, ते थंडीत गोठतं! तेल सोडून रात्रभर थांबायचं. सकाळी हातोडीने हलकेच ठोकायचं, म्हणजे गंजाची पकड सुटते. मग १९ नंबरचा रिंग पाना लावून आधी किंचित आवळायचा आणि मग सोडायचा. साधा पाना निसटतो, बोल्टची डोकी गोल होतात, आणि मग खरंच छिन्नी आणावी लागते. परत बसवताना आट्यांना ग्रीस लावलं की पुढच्या वेळी हा खटाटोप नाही.

एक जपायचं. हे तेल बोअरमध्ये उतरता कामा नये. थेंब-थेंब सोडा, खाली फडकं धरा, नंतर पुसून काढा. प्यायचं पाणी आहे ते.

'हे बायकांचं काम नाही' असं म्हणणाऱ्यांनी उत्तर प्रदेशातलं बांदा आठवावं. १९९०च्या दशकात महिला समाख्याच्या बायका तिथे हापसा मेकॅनिक झाल्या. त्यातल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचताही येत नव्हतं. बोअरमधून पाईप उपसायचं अवघड काम त्यांनी केलं, आपण तर फक्त झाकणाच्या बोल्टबद्दल बोलतोय.

आता नळ आले म्हणे. आले, पण वीज गेली की पावलं हापशाकडेच वळतात. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने पाणी तपासायला गावागावांत पाच-पाच बायकांना शिकवायचं ठरवलं. पाणी समितीत निम्म्या जागा बायकांच्या. तपासणीची नळी बाईच्या हातात चालते, मग पाना का नाही? एक रिंग पाना, ब्रश, तेलाची बाटली आणि ग्रीसचा डबा ग्रामपंचायतीला जड नाही. दोघी-तिघींना शिकवा, आणि हो, फुकट राबवू नका. पथकाला जसे पैसे मिळतात तसे यांनाही द्या. पुढच्या ग्रामसभेत हा विषय कोण मांडणार, तेवढं उन्हाळ्याआधी ठरवा.