बाप ड्युटीवर, मूल कुणाच्या भरवशावर?

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. गणेश विसर्जन आटोपून झोपलेली माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात आठ हजारांच्या आसपास बळी गेले. ठिकठिकाणच्या कामगारांनी वर्गणी काढली, धान्य-कपडे पाठवले. त्याचा अभिमान आहेच. पण वाचलेल्या आईबापांच्या मनाचे काय झाले आणि त्यांच्या मुलांच्या वाट्याला काय आले, हे आपण तरी कुठे विचारले?

शासनाने जागतिक बँकेच्या कर्जातून 52 गावे नव्या जागी वसवली. घरे मजबूत झाली, पण आखीव रस्त्यांच्या त्या गावांत जुनी गल्ली राहिली नाही. जिचे लेकरू गेले तिला भिंतीपलीकडून हाक मारणारी शेजारीण दूर गेली. गप्प बसणाऱ्या, दारूला लागलेल्या बापाला तर अनुदान उडवणारा म्हणून सगळ्यांनी नावे ठेवली. त्याला आजारी कोणी म्हटले नाही.

फेब्रुवारी 1983 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात भीषण वणवा पेटला. तिथल्या शाळकरी मुलांचा मनोविकारतज्ज्ञ मॅकफार्लेन यांनी दीर्घकाळ अभ्यास केला. निष्कर्ष असा निघाला की मुलाने आग किती जवळून पाहिली, घरचे किती जळाले, यापेक्षा तीन गोष्टी जास्त भोवल्या: आपत्तीनंतर लगेच आईबापांपासून झालेली ताटातूट, त्याच आठवणीत अडकून पडलेली आई आणि बिघडलेले घर. म्हणजे मुलाचा पहिला निवारा आईबापाचे मन हाच असतो. तोच कोसळला तर पत्र्याची शेड काय कामाची?

यात आईबापांचा दोष काढण्याचा डाव असेल तर आम्ही तो हाणून पाडू. आमचे बोट प्रशासनाकडे आहे. ताटातूट कोण घडवते? गाव पाण्याखाली गेलेला ट्रॅकमन तिसऱ्या दिवशी रुळावर हवा असतो. ग्रामीण डाक सेवक तर नियमित सरकारी नोकरच मानला जात नाही. त्याने कोणती रजा मागायची? आपत्तीत गाडी आणि टपाल चालू राहिलेच पाहिजे, हे आम्हाला कोणी शिकवू नये. ते आम्हीच चालू ठेवत आलो आहोत. पण शेजारच्या विभागातून बदली माणसे आणता येतात. आणत नाहीत, कारण भत्ता द्यावा लागतो!

आणि समजा, झोप उडालेला पॉइंट्समन डॉक्टरकडे गेला. 'मन थाऱ्यावर नाही' असे कागदावर आले की आपली मेडिकल कॅटेगरी जाईल, या धास्तीने तो गप्प बसतो आणि घरी पोरावर ओरडतो. पोर अंथरूण ओले करते, शाळेला जायचे टाळते. पोराला मार बसतो. सेवेत अपंगत्व किंवा मानसिक आजार जडला म्हणून नोकरीवरून काढू नये, हुद्दा घटवू नये, असे संरक्षण 1995 च्या कायद्यात आले आणि 2016 च्या कायद्यातही ते आहे. किती डेपोंतल्या नोटीस बोर्डावर ते लावले आहे? 2022 पासून 14416 हा टेलिमानसचा मोफत क्रमांकही आहे. तो जरूर वापरा. पण क्रमांक दिला म्हणजे मालकाची जबाबदारी संपली, हे आम्ही मानत नाही.

आमच्या मागण्या साध्या आहेत. आपत्तीत घर वा माणूस गमावलेल्या प्रत्येकाला, डाक सेवकासह, मागे कामाचा तगादा न लावता पगारी रजा द्या. घरापासून दूर नेमणूक असलेल्याची विनंती बदली महिन्याभरात निकाली काढा. रेल्वे व सरकारी दवाखान्यांत मानसोपचार करणारा माणूस नेमा. तो कामगाराची भाषा बोलणारा असावा, कारण मराठी माणूस खरगपूरलाही असतो आणि सिकंदराबादलाही. उपचार घेतल्याची नोंद गोपनीय अहवालात येता कामा नये. या मागण्यांवर येत्या शाखासभेत ठराव घ्या आणि पावसाळ्याआधी विभागीय कार्यालयात पोचता करा. पोच घ्यायला विसरू नका.