न आवडणाऱ्या माणसांची कादंबरी



कादंबरी वाचून झाल्यावर एक तक्रार आजकाल फार ऐकू येते : “लिहिलीय चांगली, पण त्यातलं एकही माणूस आवडलं नाही.” नायिका स्वार्थी, नवरा बावळट, प्रियकर लबाड, मग जीव लावायचा कुणाला? या महिन्याचं पुस्तक असंच आहे. ‘मादाम बोव्हारी’. लेखक गुस्ताव्ह फ्लोबेर, मूळ भाषा फ्रेंच, पुस्तकरूपात प्रसिद्ध झालं १८५७ साली.

कथा सांगायची तर दोन मिनिटांत संपते. एमा ही शेतकऱ्याची मुलगी. तिचं लग्न शार्ल बोव्हारी नावाच्या गावडॉक्टरशी होतं. खरं म्हणजे तो पूर्ण शिकलेला डॉक्टरही नाही, खालच्या दर्जाचा परवाना असलेला वैद्य. माणूस साधा, कष्टाळू आणि कंटाळवाणा. एमाला हवं असतं काही भव्य. आधी रोदोल्फ नावाचा श्रीमंत जमीनदार, मग लेओं नावाचा तरुण कारकून, अशी तिची दोन प्रेमप्रकरणं होतात. दोन्हींतून हाती काही लागत नाही, कर्ज मात्र डोंगराएवढं होतं आणि शेवटी ती विष घेते.

एवढ्या गोष्टीसाठी फ्लोबेर जवळजवळ पाच वर्षं लिहीत होता. आणि एवढ्याच गोष्टीसाठी त्याला न्यायालयात उभं राहावं लागलं. १८५६ साली ही कादंबरी पॅरिसच्या एका नियतकालिकातून क्रमशः आली, तेव्हा धर्म आणि नीती यांना धक्का लावल्याचा खटला भरला गेला. सरकारी वकील एर्नेस्त पिनार यांचं म्हणणं लक्षात ठेवण्यासारखं आहे. व्यभिचार दाखवला हा आक्षेप होताच. पण या बाईला दोष देऊ शकेल असं एकही पात्र पुस्तकात नाही, ही त्यांची मोठी अडचण होती. फेब्रुवारी १८५७ मध्ये फ्लोबेर निर्दोष सुटला आणि त्याने आपल्या वकिलाचे, सेनार यांचे, पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत आभार मानले.

गंमत बघा. तेव्हाच्या सरकारी वकिलाला पुस्तकात एक सज्जन हवा होता, आजच्या वाचकालाही तोच हवा आहे. आणि कादंबरीत अशी मागणी करणारी आणखी एक वाचक आहे : स्वतः एमा! शाळकरी वयात कॉन्व्हेंटमध्ये असताना ती चोरून प्रेमकथा वाचते. त्या गोष्टींतले नायक शूर, हळवे आणि देखणे. पुढे आयुष्यभर ती भेटेल त्या पुरुषात तोच नायक शोधत राहते. शार्लमध्ये तो सापडत नाही म्हणून ती त्याचा तिरस्कार करते. रोदोल्फमध्ये तो दिसल्यासारखा वाटतो, कारण त्याला असल्या नायकांची भाषा पाठ आहे. तिला सोडून जाताना तो निरोपाची चिठ्ठी लिहितो आणि अश्रूचा डाग दिसावा म्हणून कागदावर पाण्याचा थेंब टाकतो. मग ती चिठ्ठी जर्दाळूंच्या टोपलीत तळाशी लपवून पाठवून देतो. हे वाचताना संताप येतो, आणि तो माणूस पक्का ओळखीचाही वाटतो.

मग शार्ल तरी चांगला का? इथे फ्लोबेर आपल्याला सहज सुटू देत नाही. रोदोल्फबरोबर घोड्यावरून फिरायला जा, तब्येत सुधारेल, असा आग्रह एमाला शार्लच करतो. रुआँ शहरात ऑपेरा पाहायला गेल्यावर लेओं भेटतो, तेव्हा “तू एक दिवस मागे राहा” असंही तोच म्हणतो. त्याचा विश्वास गोड आहे; पण बायको आतून कशी आहे हे जाणून घ्यायचा त्रास त्याने कधी घेतलेला नाही. त्यात एमा आणि गावचा औषधविक्या ओमे यांच्या भरीला पडून तो इपोलित नावाच्या गरीब नोकराच्या वाकड्या पायावर शस्त्रक्रिया करतो. पाय सडतो आणि शेवटी दुसऱ्या डॉक्टरला तो कापावा लागतो. चांगुलपणाने माणसाचा पाय वाचत नाही, हे फ्लोबेरला घरातच ठाऊक असणार. त्याचे वडील रुआँच्या रुग्णालयात नावाजलेले शल्यचिकित्सक होते.

आता पैशाकडे या. माझ्या मते तरुण वाचकांनी सर्वांत जास्त लक्ष द्यावं ते इथे. एमाचा घात प्रियकरांइतकाच गावातला कापडाचा व्यापारी करतो. “पैसे कुठे पळून जातात? घ्या हो, नंतर द्या,” या थाटात तो आधी शाली, पडदे आणि भेटवस्तू उधारीवर देतो. मग हुंड्यांवर सह्या घेतो, जुनी हुंडी फेडायला नवी लिहून घेतो, आणि नवऱ्याचं मुखत्यारपत्र मिळवायची युक्तीही तिला सुचवतो. एके दिवशी न्यायालयाचा कागद येतो : चोवीस तासांत ८,००० फ्रँक भरा. ती दारोदार फिरते. लेओं हात वर करतो, रोदोल्फ ‘माझ्याकडे नाहीत’ म्हणतो. प्रेमाच्या गोष्टीचा शेवट वसुलीच्या नोटिशीने होतो. हप्त्यांवर सगळं काही मिळण्याच्या आजच्या काळात हा भाग अजिबात जुना वाटत नाही.

आपली मराठी मंडळं तशी लहान गावांसारखीच. कुणाच्या घरात असं काही घडलं की गणपतीच्या आरतीपर्यंत बातमी पोचते आणि दोन बाजू पडतात : तिचं चुकलं, की त्याचं? ‘मादाम बोव्हारी’ वाचताना हा प्रश्न अपुरा वाटू लागतो. एमा चुकते, यात शंका नाही. ती खोटं बोलते, घर धुळीला मिळवते, आणि स्वतःच्या लहान मुलीला, बेर्तला, एकदा असं ढकलते की पोरीच्या गालाला जखम होते. तरीही तिची घुसमट खोटी नसते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरायच्या, हे काम लेखक वाचकावर सोपवतो. सरकारी वकिलाला नेमकं तेच नको होतं.

या कादंबरीवर केतन मेहता यांनी १९९३ मध्ये ‘माया मेमसाब’ हा हिंदी चित्रपट काढला. दीपा साहींची माया आणि फारूख शेख यांचा साधाभोळा डॉक्टर नवरा जरूर पाहा, पण आधी पुस्तक वाचा. एक इंग्रजी अनुवाद १८८६ साली कार्ल मार्क्सची मुलगी एलिनॉर हिने केला. तो आता प्रताधिकारातून मुक्त आहे, म्हणजे फोनवर फुकट वाचता येतो. पहिली पन्नासेक पानं जरा संथ जातील. धीर धरा.

आणि शेवटच्या पानावर घाई करू नका. एमा गेली, शार्लही गेला. त्यांच्या गोष्टीत मनाने कुणीच न गुंतलेल्या ओमेला सरकारी सन्मानपदक मिळतं. बेर्त एका गरीब आत्याकडे जाते आणि ती आत्या तिला पोटासाठी सूतगिरणीत कामाला पाठवते. बेर्तबद्दल फ्लोबेर दोन ओळींपेक्षा जास्त लिहीत नाही. कोण आवडलं, कोण नाही, हे ठरवण्याआधी त्या ओळी एकदा पुन्हा वाचा. मग काय वाटलं ते मला जरूर कळवा.